आगोट भरताना तापाचीही बेगमी

आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळत असतात. सुकट-बोंबील डब्यात जातात, सासूबाई कोकमं मोजून बरणीत भरतात. पावसाळ्याआधीची ही साठवण, आगोट म्हणजे आगोट. गेली तीन वर्षं मी त्यात एक डबा वाढवला आहे, जुना चकलीचाच, त्यावर पट्टी चिकटवलेली: ‘ताप’. मुंबईत फ्लू वर्षभर कुठे ना कुठे असतोच. पण मुलांच्या तापाची खरी लाट जुलै ते सप्टेंबर येते आणि जानेवारी ते मार्चमध्ये तिची एक छोटी फेरी होते. म्हणजे मोठी लाट पावसाळ्यात शाळा सुरू झाल्या की महिना-दीड महिन्यात. रात्री दोन वाजता, मूल कण्हत असताना कुणालाही धड हिशेब करता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. म्हणून हिशेब आताच, उजेडात, पंख्याखाली बसून करायचा.

सुरुवात लसीपासून, कारण तिला तारीख असते. फ्लूची लस सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात नाही, ती बालरोगतज्ज्ञांकडे पैसे मोजूनच घ्यावी लागते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला ती दरवर्षी द्या म्हणते. दमा, हृदयविकार, मधुमेह, किडनीचा त्रास अशी काही पार्श्वभूमी असेल तर पाच वर्षांनंतरही. नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर दोन डोस लागतात, मध्ये चार आठवडे. शिवाय लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे. आता उलटं मोजा. शाळा 15 जूनला उघडणार, तर दुसरा डोस मेच्या अखेरीस, पहिला एप्रिलच्या शेवटी. तोवर गावाला जायची तिकिटं काढलेली असतात, हे माहीत आहे. आम्हीही दुसरा डोस रत्नागिरीहून परतल्यावर जूनमध्ये घेतला होता. उशिरा घेतलेली लस वाया जात नाही, मधले काही दिवस तेवढे उघडे राहतात. दवाखान्यात विचारायचं एकच: ‘या वर्षीची आली का?’ विषाणू रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी बदलते, मागच्या वर्षीची पुरत नाही. इंजेक्शनची लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यामुळे फ्लू होत नाही. हात दुखतो, एखादा दिवस कणकण येते. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांनाही ती देता येते, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला लस देता येत नाही. मग आई, बाबा, आजी, आजोबा आणि मोठं भावंड यांनी घ्यायची. गरोदरपणात आईने घेतली तर बाळालाही पहिले काही महिने तिचं कवच मिळतं.

आता डबा. थर्मामीटर डिजिटल घ्या आणि त्याचा सेल आज तपासा. आमचा ऐन वेळी मेला होता आणि मी कपाळाला हात लावून ‘असेल शंभर’ म्हणत बसले होते. काखेत, बीप वाजेपर्यंत, आणि आकडा वेळेसकट लिहायचा. त्यासाठी डब्यातच छोटी वही आणि पेन. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात: कधीपासून, किती, औषध कधी दिलं.

पॅरासिटामॉलवर मी जरा जास्त बोलणार आहे. सिरप एकाच ताकदीचं नसतं. 5 मिलीलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असलेलं मिळतं, 250 असलेलंही मिळतं, आणि तान्ह्यांच्या थेंबांत तर 1 मिलीलिटरमध्ये 100 असतं. डोस वजनावर ठरतो: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारदाच. आमचा धाकटा तेव्हा 16 किलोंचा होता. म्हणजे जास्तीत जास्त 240 मिलिग्रॅम. जुन्या 120 च्या बाटलीतून ते 10 मिलीलिटर भरायचे आणि मला तो ‘दहा’ पाठ झाला होता. नवी बाटली आणली ती 250 ची निघाली. खोकं सारखंच, चवही सारखीच. मी मापात दहा भरले होते, म्हणजे दुपटीहून जास्त. नवऱ्याने चष्मा शोधून लेबल वाचलं म्हणून ते माप बेसिनमध्ये गेलं. दुकानदाराची चूक नव्हती, मीच ताकद न सांगता ‘तापाचं सिरप’ मागितलं होतं. तेव्हापासून घरात एकाच ताकदीची बाटली राहते. मुलाचं वजन 1 जूनला करायचं आणि डॉक्टरांना विचारून ‘इतके किलो, इतके मिली’ असं मार्करने बाटलीवरच लिहायचं. बाटली फोडल्याची तारीखही. घरातला चमचा नाही, सोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज. आणि सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल लपलेलं असतं, ते वेगळं मोजायला विसरू नका.

काय ठेवायचं नाही, ही यादीही तितकीच महत्त्वाची. ॲस्पिरिन मुलांना नाहीच, फ्लूत त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. निमेसुलाइड हे तापावरचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला 2011 पासून बंदी आहे. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही ताप-दुखीवरची औषधं पावसाळ्यात स्वतःच्या मनाने देऊ नका. हाच ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पहिल्या दिवशी फ्लू कोणता, डेंग्यू कोणता हे भल्याभल्यांना कळत नाही. खोकल्याच्या सिरपांबद्दल 2025 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली नाहीच, पाच वर्षांखाली सहसा नाही. मागच्या वर्षीचं उरलेलं अँटिबायोटिकही डब्यातून काढा, विषाणूवर त्याचा उपयोग शून्य.

इथे घरातल्या ज्येष्ठांशी थोडा वाद होणार, तोही मे महिन्यातच उरकून घ्या. आमच्याकडे ओवा-कापराची पुरचुंडी झबल्याला बांधायची पद्धत. कापूर तान्ह्या बाळाजवळ नको. तो तोंडात गेला तर झटके येऊ शकतात, आणि बाळ सगळं तोंडातच घालतं. नुसत्या ओव्याच्या पुरचुंडीवर तह झाला. कोलन वॉटरच्या पट्ट्या बाद, बर्फाचं पाणी बाद. फार तापलं असेल तर औषध देऊन साध्या कोमट पाण्याने अंग पुसायचं, तेही मूल कुडकुडत नसेल तर. उकळत्या पातेल्याची वाफ लहान मुलांना नाहीच, भाजण्याच्या केसेस त्यातूनच होतात. नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते डब्यात ठेवा. मध चालतो, अर्धा ते एक चमचा, खोकल्याला बरा पडतो, पण एक वर्ष पूर्ण झाल्यावरच. सासूबाईंनी दही-केळ्यावर लावलेली बंदी मात्र मी उठवू शकलेले नाही. मूल मागत असेल तर खाऊ द्या, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य मी त्यांना दोनदा ऐकवलं, दोन्ही वेळा त्यांना कमी ऐकू आलं.

पेज, मेतकूट-भात, मुगाचं कढण, नारळपाणी. दोन दिवस खाल्लं नाही तरी चालतं, प्यायलं नाही तर चालत नाही. ओआरएसची चार पाकिटं ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या मापाने पाण्यात कालवा. मोठं पाकीट बहुधा एका लिटरचं असतं, अर्धं पाकीट ग्लासात हे आपलं लाडकं गणित चुकीचं. फळांच्या चवीची गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

वन रूम किचनमध्ये ‘वेगळी खोली’ कुठून आणणार? आम्ही आजारी मुलाला खिडकीजवळ निजवतो. बाकीच्यांची डोकी उलट दिशेला, आजोबांचा बिछाना स्वयंपाकघरात. खिडकी पाऊस आत येणार नाही इतपत उघडी. रुमाल, पेला, पंचा वेगळा. साबणाने वीस सेकंद हात, आणि मोठ्या मुलांना खोकताना कोपरात तोंड लपवायची सवय आत्तापासून. विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो. त्यामुळे एक पडलं की दुसऱ्याच्या पाळीची तयारी ठेवायची. रजेचंही तसंच. पाळणाघर तापाचं मूल घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. पहिले दोन दिवस कुणी घरी राहायचं, तिसऱ्या दिवशी कुणी, हे आधी बोलून ठेवा. ताप सहसा तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला दोन आठवडेही रेंगाळतो.

कुठे जायचं तेही आताच ठरवा. मुंबईत हा प्रश्न अंतराचा कमी आणि रुळांचा जास्त. आम्ही अंधेरी पूर्वेला, डॉक्टर पश्चिमेला, मध्ये रुळांखालून जाणारा सबवे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की तो बंद. तिकडे मिलन सबवे, इकडे दादरचा हिंदमाता चौक, तुंबण्याची तीच कथा. कूपर रुग्णालय आम्हाला रिक्षाने जवळ, पण रुळांपलीकडे. म्हणून रुळांच्या आपल्या बाजूला रात्री लहान मुलं दाखल करून घेणारं रुग्णालय कोणतं, हे फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर लावा. रुग्णवाहिकेचा 108 त्याच्याच खाली.

त्याच कागदावर ‘थांबायचं नाही’ अशी यादी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप म्हणजे त्याच रात्री डॉक्टर. श्वास मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचा: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50, एक ते पाच वर्षं 40. पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर, झटका, हाक मारून डोळे उघडत नाही, काही पीत नाही, आठ तासांत लघवी नाही. आणि एक लक्षण लोकांना ठाऊक नसतं: ताप उतरून मूल खेळायला लागतं आणि दोन दिवसांनी पुन्हा जोरात ताप-खोकला येतो. तो बहुधा फ्लूमागून आलेला न्यूमोनिया असतो, त्याला ‘परत हवा लागली’ म्हणून घरी बसू नये. पोटऱ्या इतक्या दुखतात की मूल उभं राहत नाही, हेही फ्लूनंतर होतं. बहुधा आपोआप बरं होतं, पण लघवी चहासारखी दिसली तर लगेच दाखवा.

ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि साठवायचंही नाही. ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. म्हणून दोन वर्षांखालचं किंवा दम्याचं मूल असेल तर ‘बघू उद्या’ करत ते तास घालवू नका. धडधाकट मोठ्या मुलाला बहुतेक वेळा ना ते लागतं, ना फ्लूची तपासणी.

शाळेत कधी पाठवायचं? औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप नसेल तेव्हा. सकाळी साडेसहाला सिरप पाजून व्हॅनमध्ये बसवलेलं मूल साडेदहाला पुन्हा तापतं, तोवर बाकावरच्या तिघांना वाटून झालेलं असतं. आमच्या मुलीच्या वर्गात चाचणीच्या आठवड्यात हेच झालं. आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी सिरप पाजून पाठवणाऱ्यांत एक आई मीही होते. आता वर्गशिक्षिकांचा नंबर आणि चाचणी बुडाल्याच्या अर्जाचा मसुदा फोनमध्ये तयार ठेवला आहे, फक्त तारीख घालायची.