ग्लायडर नाक आपटतंय? या चुका टाळा

हातानं फेकायचं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) ग्लायडर एका दुपारी तयार होतं आणि दोन सेकंदांत जमिनीत घुसतं. मग ठरलेला प्रश्न येतो, "पंख लहान पडले का?" नाही हो. पंख बिचारे ठीक असतात, समतोल चुकलेला असतो.

या चुकीत मी एक अख्खा रविवार घालवलाय. ग्लायडर वर चढायचं, क्षणभर थबकायचं, नाक टाकायचं, सावरलं की पुन्हा तेच. मला वाटलं उचल, म्हणजे पंखाला वर रेटणारं बळ, कमी पडतेय, म्हणून शेपटीची मागची कड वर वाकवली. ते आणखी उभं चढायला लागलं. मग जोर लावून फेकलं. वेग दुप्पट केला की उचल चौपट होते हे पाठ होतं, तरी! सहाव्या फेकीला डावा पंख मुळातून निखळला. गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे ग्लायडर तोललं जातं तो बिंदू, निघाला पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे फारच मागे. त्यामुळे नाक वर जात राहायचं. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी कोन साधारण 15 अंशांपलीकडे गेला की वरची हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते, आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. 1896 मध्ये ग्लायडर उडवणारे जर्मन प्रणेते ऑटो लिलिएंथाल कोसळले, तेही ग्लायडर स्टॉल होऊनच.

आता मी पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीच्या दरम्यान पेन्सिलीनं खुणा करतो, खाली दोन बोटं धरून तोलतो आणि नाक जेमतेम झुकेपर्यंत नाकालाच चिकणमाती लावतो. तोवर शेपटीला हात लावायचा नाही. फेकही समोर, सपाट, हलकी. भालाफेक नव्हे.

दुसरी चीड, पंखाला उचल कशी मिळते ते सांगणाऱ्या त्या 'लांब रस्त्या'च्या गोष्टीची. म्हणे पंखाची वरची बाजू लांब, म्हणून वरची हवा धावत जाऊन खालच्या हवेला पलीकडे गाठते. का गाठेल? त्यांची भेट थोडीच ठरलीय? खरं तर वरची हवा आधीच पुढे गेलेली असते. आणि सपाट फळीचा पंखही उडतोच की, त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच. पंख हवेला खाली वळवतो, हवा त्याला वर रेटते. वरचा कमी दाब हा त्याच घटनेचा भाग. पण गोष्टीवर विश्वास ठेवणारे पंखाला कुबड काढत बसतात आणि कोनाकडे बघतही नाहीत. सपाट पंख शेपटीच्या तुलनेत दोन-तीन अंश वर उचलून चिकटवा, पुरे.

बाकीचं किरकोळ. एकाच बाजूला गिरक्या घेत असेल तर पंख पिळलाय, वाफेवर धरून सरळ करा. दोन्ही टोकं थोडी वर उचललेली नसतील तर कललेलं ग्लायडर सावरत नाही. वारा असेल तर चाचणी उद्या.

आणि डिंक रात्रभर सुकू द्या. "लगेच चिकटतो" म्हणणाऱ्या एका उत्साही मित्राचं शेपूट मी झुडपातून काढून दिलंय, बाकीचं ग्लायडर त्याच्या पायाशी पडलं होतं.