जुनी वस्तू ऑनलाईन लिलावात काढायची असेल तर आधी दोन गिऱ्हाईकं पाहा

घरातलं जुनं एचएमटी घड्याळ, आजोबांच्या रेकॉर्डी, एखादा रीळवाला कॅमेरा असं काही विकायचं निघालं की लोकं पहिले विचारतात, "याचे किती येतील?" मी म्हणतो ते राहू द्या, हे घ्यायला दोन जण कुठं बसलेत ते आधी शोधा. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा हर्रास ज्यानं पाहिला त्याला हे सांगावं लागत नाही, ढिगापाशी एकच व्यापारी उभा असला तर माल कितीही चांगला असो, बोली जागची हलत नाही, अन् दोघं भिडले की मग पाहा. ऑनलाईन पण असंच आहे, फक्त व्यापारी दिसत नाहीत.

म्हणून कुठं विकायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. सोफा, सायकल, कूलर यांचा लिलाव करू नका, ते ओएलएक्सवर घासाघीस करूनच जातात (आणि कूलर काढायचा तर मार्चमध्ये काढा, पाऊस लागल्यावर कोण घेते बाप्पा). लिलावात ती वस्तू टाका जिच्यामागे शौकीन लोकं आहेत. त्यांचे फेसबुक-व्हॉट्सॲपवर ग्रुप आहेत, घड्याळांचे वेगळे, नाण्यांचे वेगळे, रेकॉर्डींचे वेगळे. ईबे म्हणजे ऑनलाईन लिलावाची परदेशी साईट, तिची भारतातली साईट 2018 मध्येच बंद झाली, पण इथून बाहेरच्या गिऱ्हाईकाला ईबेवर विकता येतं, पैसे पेओनिअर नावाच्या पेमेंट कंपनीमधून येतात. फक्त अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या मालाला जी ड्यूटी माफ होती ती 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली आहे, तर तो खर्च कोण भरणार हे आधीच लिहून टाका, नाहीतर पार्सल पोचल्यावर भांडण ठरलेलं.

भाव पाहताना लोकं मागितलेला भाव पाहतात, तो काही कामाचा नाही, मागायला काय, कोणी लाख मागेल. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर आहे तो लावा, ग्रुपमध्ये मागचे संपलेले लिलाव चाळा. तिथं दिसेल की तुमच्यासारखी वस्तू कितीला गेली, आणि त्याहून कामाचं म्हणजे किती जणांनी बोली लावली. बरेच जण भिडलेले दिसले तर सुरुवात खुशाल कमी ठेवा, कमी आकडा पाहून माणूस आत शिरतो आणि एकदा बोली लावली की ती वस्तू त्याला आपलीच वाटायला लागते. पण बोली लावणारा एखाददुसराच दिसत असेल तर जेवढ्याला द्यायला तुमचं मन तयार आहे तिथूनच सुरू करा. ईबेवर माणूस आपला वरचा आकडा गुपचूप टाकून ठेवतो, समजा त्यानं 5000 टाकले आणि दुसऱ्याचा जोर 3200 वरच संपला, तर वस्तू 3200 च्या एक टप्पा वरच जाते, 5000 ला नाही. दुसरा आलाच नाही तर तुमच्या सुरुवातीच्या भावाला जाते, मग 99 रुपयांनी सुरू केलं असेल तर 99 मध्ये द्या आणि हसा.

मित्राला सांगून खोटी बोली लावायची आयडिया डोक्यात येईलच, ती काढून टाका. नियमात बसत नाही, आयडी जातो, आणि ग्रुपमध्ये एकदा नाव खराब झालं की विषय संपला.

आता फोटो. सकाळी नऊच्या आत बाल्कनीत सावलीच्या उजेडात काढा, आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात काचेवर चमक येते आणि डायल दिसतच नाही. फ्लॅश नको. ओरखडे लपवू नका, उलट जवळून दाखवा. एचएमटी जनता किंवा पायलट असेल तर सीताबर्डीत नाहीतर इतवारीत एखाद्या घड्याळवाल्याकडून मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचाही फोटो घ्या, कारण बाजारात नवीन डायल रंगवून बसवलेल्या घड्याळांचा इतका सुकाळ आहे की शौकीन माणूस पहिले तेच तपासतो. डायल बदललेली असेल तर तसं सरळ लिहा. ज्याला शंका आहे तो कमी बोली लावतो नाहीतर लावतच नाही, म्हणजे तुमचा दुसरा गिऱ्हाईक तिथंच गेला.

वेळेचं गणित सोपं आहे. आपल्या ग्रुपात लिलाव रविवारी रात्री नऊ-दहाला संपवा, भारताची मॅच असेल तर पुढच्या रविवारी, आणि जमलं तर पगाराच्या आठवड्यात. ईबेवर अमेरिकावाल्यांसाठी संपवायचा असेल तर तिकडची रविवारची रात्र धरा, उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारचे सकाळचे 6.30 असतात. ग्रुपात आणखी एक नियम आधीच लिहा की शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटं वाढेल, नाहीतर शेवटच्या सेकंदाला टपकणारा जिंकतो आणि दुसऱ्याच्या खिशातले पैसे खिशातच राहतात.

नाणीवाल्यांनी दोन गोष्टी पाहा. शंभर वर्षांच्या वरचं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं, ते असं बाहेरदेशी पाठवता येत नाही. आणि "रिझर्व्ह बँक तुमचं जुनं नाणं लाखात घेते, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर ठेवून द्या, बँकेनं 2021 मध्येच लोकांना यापासून सावध केलं होतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, कोणी टाकायला लावलं आणि पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

पैसे खात्यात दिसल्याशिवाय पार्सल हलवू नका, स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हे. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच गेलं आहे, तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि महागाचं असेल तर विमा घ्या. पॅक करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा म्हणजे धक्क्यानं कव्हरची शिवण फाटत नाही, दोन्हीकडून जाड पुठ्ठा लावा, आणि मे महिन्यात तर पाठवूच नका, आपल्या 45 डिग्रीत गाडीत पडून राहिली की वाकते. जिंकणारा गायब झाला तर दोन दिवस वाट पाहा, मग दुसऱ्या नंबरवाल्याला त्याच्याच बोलीच्या भावात विचारा, बहुतेक वेळा तो हो म्हणतो.