एक्सएमएल हाताळताना या चुका टाळा

गोव्यात हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला एक्सएमएल, म्हणजे कोनी कंसातल्या टॅगांनी माहिती मांडायची पद्धत, चुकत नाही. बुकिंग साइटवर खोली विकली गेली की चॅनल मॅनेजरकडून, म्हणजे बुकिंग साइट आणि हॉटेल यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, हॉटेलच्या सिस्टीमला जो मेसेज येतो, तो पुष्कळदा ओपन ट्रॅव्हल अलायन्सच्या, म्हणजे ओटीएच्या नमुन्यातला एक्सएमएल असतो. हिशेब टॅलीत चढवायचे तर तिथेही तोच. एक्सएमएल 1998 सालचं. जेसन या माहिती मांडायच्या दुसऱ्या पद्धतीवर हात बसलेल्या मुलांना ते जुनाट वाटतं, म्हणून ती ते शिकायच्या भानगडीत पडत नाहीत, नेटवरून चार ओळी उचलतात आणि काम भागवतात. मग पणजी असो की म्हापसा, कोड तपासायला बसलो की त्याच चुका पुन्हा समोर येतात.

नेमस्पेस उडवून टाकणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ओटीएच्या मेसेजमध्ये पहिल्याच टॅगवर नेमस्पेस, म्हणजे हे टॅग कुठल्या नमुन्यातले ते सांगणारा पत्ता, दिलेली असते. ती असली की आतल्या प्रत्येक टॅगचं पूर्ण नाव बदलतं. एक्सपाथ 1.0 मध्ये, म्हणजे टॅग शोधायच्या भाषेत, प्रीफिक्स (नावाआधी लावायची नेमस्पेसची छोटी खूण) न लावता नाव लिहिलं तर त्याचा अर्थ "नेमस्पेस नसलेला टॅग" असा होतो. त्यामुळे डोळ्यांना टॅग समोर दिसतो आणि कोडला एकही सापडत नाही. एररही येत नाही. नवशिका वैतागतो आणि पार्स करण्याआधी, म्हणजे मेसेज वाचून त्याचे टॅग सुटे करण्याआधी, रिप्लेस मारून नेमस्पेसचा मजकूरच पुसतो. टेस्ट पास होते, काम झालं म्हणून तो पुढे जातो.

कळंगुटच्या बाजूच्या एका हॉटेलात असाच कोड चालू होता. डिसेंबरच्या ऐन हंगामात त्यांनी चॅनल मॅनेजर बदलला. नव्याचे मेसेज अगदी नियमाला धरून होते, फक्त प्रत्येक टॅगला प्रीफिक्स होता. रिप्लेसला जो मजकूर हवा होता तो सापडला नाही. पुढे एक्सपाथला शून्य बुकिंगं मिळाली, शून्यावरचा लूप एकदाही फिरला नाही आणि शेवटच्या ओळीने "सक्सेस" असं उत्तर पाठवून दिलं. समोरच्या सिस्टीमने बुकिंग पोचलं असं धरलं. इकडे खोल्या रिकाम्या दिसत होत्या, त्या रिसेप्शनने दारात आलेल्या गिऱ्हाइकांना दिल्या.

मग मोपा विमानतळाहून टॅक्सीने एक कुटुंब रात्री उशिरा येऊन काउंटरवर उभं राहिलं. पैसे भरलेले, मोबाइलवर कन्फर्मेशन, कडेवर झोपलेलं मूल आणि खोली नाही. मॅनेजरचा फोन आला: "आमचें बुकिंग खंय गेलें?" लॉग उघडला तर एकही एरर नाही, ओळीने सक्सेस. आलेला मूळ मेसेज कुठेही साठवलेला नव्हता. चॅनल मॅनेजरला विनवून मेसेज पुन्हा मागवले तेव्हा कुठे प्रीफिक्स नजरेस पडला.

उपाय अगदी साधा आहे. कोडमध्ये आपला एक प्रीफिक्स ठरवा, तो नेमस्पेसच्या पूर्ण पत्त्याला जोडा आणि एक्सपाथमध्ये तोच लावा. समोरच्याने कुठला प्रीफिक्स वापरला किंवा वापरलाच नाही, याने मग काही बिघडत नाही, कारण जुळवणी पत्त्यावरून होते. जावात एक्सएमएल वाचायला घेतात ती डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरी मुळात नेमस्पेस बघतच नाही, ती सोय आपण चालू करावी लागते. काहीजण नेमस्पेस सोडून नुसतं नाव बघणारं लोकल-नेम हे फंक्शन वापरून पळवाट काढतात. फाईल नुसती चाळायची असेल तर ठीक, पण ज्या कोडवर लोकांच्या खोल्या अवलंबून आहेत तिथे मला ते चालत नाही.

माझ्या दोन सवयी आहेत. आलेला मेसेज पार्स करण्याआधी बाइट न बाइट जसाच्या तसा साठवतो. आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये शून्य बुकिंगं निघाली तर तो एरर धरतो, सक्सेस कधीच पाठवत नाही.

एन्कोडिंगचा अंदाज बांधणे

गोव्यातल्या पाहुण्यांच्या आणि घरमालकांच्या यादीत एकाच फायलीत देवनागरी नावं असतात आणि पोर्तुगीज वळणाची, शेपटीचा सी आणि नागमोडी रेघेचा ए असलेली रोमन नावंही. एन्कोडिंग म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, आणि यूटीएफ-8 ही त्यातली सगळ्या लिप्या चालणारी. पहिल्या ओळीत यूटीएफ-8 लिहिलंय म्हणून फाईल यूटीएफ-8 होत नाही. जुनं नोटपॅड मुकाट्याने एएनएसआय या विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करायचं.

बिघाड कुठे झाला ते अक्षरांवरूनच कळतं. देवनागरीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए आणि चलनाचं गोल चिन्ह अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली, तर फाईल चांगली आहे, वाचणाऱ्याने यूटीएफ-8 ला विंडोज-1252, म्हणजे रोमन अक्षरांचं जुनं एन्कोडिंग, समजून वाचलंय. चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं तर बहुधा उलटा प्रकार. आणि साधी प्रश्नचिन्हं ओळीने दिसली तर अक्षरं आधीच गेली, मूळ फाईल पुन्हा मागवा. अशा वेळी फाइंड-रिप्लेसने नावं "दुरुस्त" करणारे मी पाहिलेत. कृपा करून ते करू नका, नाव हा माणसाचा डेटा आहे. पार्सरला (एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीला) बाइट द्या, आपण आधी स्ट्रिंग बनवून देऊ नका. हेडर वाचून एन्कोडिंग ठरवणं हे त्याचंच काम आहे.

स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवणे

<फर्म>लोबो & सन्स</फर्म> असं लिहिलंत की फाईल मोडली. म्हापशाच्या बाजारातल्या पाट्या बघा, अँपरसँड, म्हणजे हेच & चिन्ह, हवे तितके सापडतील. लायब्ररीचा रायटर वापरा, एस्केपिंग, म्हणजे अशी चिन्हं सुरक्षित रूपात लिहिणं, तो करतो.

रेजेक्सने टॅग शोधणे

रेजेक्स म्हणजे मजकुराचा साचा जुळवून शोधणं. नको. ॲट्रिब्यूटचा (टॅगमधल्या गुणांचा) क्रम बदलला, मध्ये कमेंट आली, ओळ तुटली, की ते कोसळतं.

डॉकटाइप चालू ठेवणे

डॉकटाइप म्हणजे फायलीच्या सुरुवातीची घोषणा, तिच्यात एन्टिटी, म्हणजे दुसऱ्या मजकुराची लघुनावं, ठरवता येतात. बाहेरून आलेल्या मेसेजमधला डॉकटाइप पार्सरला तुमच्याच सर्व्हरवरची फाईल वाचायला लावू शकतो, किंवा एन्टिटीत एन्टिटी गुंफून मेमरी खाऊन टाकू शकतो. ओवास्प या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या वेबमधल्या मोठ्या धोक्यांच्या 2017 च्या यादीत या दुखण्याला स्वतंत्र जागा होती. बुकिंगच्या मेसेजला डॉकटाइप लागतच नाही, सरळ बंद करा. पायथनवाल्यांनी अशा हल्ल्यांपासून बचाव करणारी डिफ्यूज्डएक्सएमएल ही लायब्ररी घ्यावी.

पहिलं अपत्य म्हणजे पहिला टॅग, असं धरणे

नीट मांडलेल्या फायलीत टॅगचं पहिलं अपत्य, म्हणजे त्याच्या आतली पहिली गोष्ट, बहुधा नवी ओळ आणि मोकळी जागा असतं. नावाने शोधा.

सगळी फाईल मेमरीत ओढणे

एका बुकिंगचा मेसेज डॉममध्ये, म्हणजे सगळा एकदम मेमरीत, खुशाल घ्या. वर्षभराची नोंद एका फायलीत आली तर मात्र तुकड्यातुकड्याने वाचा: पायथनमध्ये इटरपार्स, जावात स्टॅक्स. इटरपार्समध्ये प्रत्येक नोंद वाचून झाली की ती क्लिअर करा. ती ओळ राहून गेली तर मेमरी डॉमइतकीच भरते, आणि लॅपटॉपवरच्या छोट्या नमुन्यात ते कळत नाही. म्हणून कोड ताब्यात घेण्याआधी मी खऱ्या आकाराची फाईल मागतो.