ऑलिंपिकच्या किनाऱ्यावर दोन रात्री: निघण्याआधीची तयारी

आधी सुट्टी टाकायची आणि मग भरती-ओहोटी बघायची, हा क्रम इथे चालत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या पश्चिमेला ऑलिंपिक नॅशनल पार्कचा जो समुद्राकडचा पट्टा आहे, तिथे मुक्कामाला जायचं तर सगळ्यात आधी ‘नोआ’ या हवामान-समुद्राच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ला पुश या किनाऱ्यावरच्या गावाचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडायचा, मग कॅलेंडर. पार्क झालं १९३८ साली, किनारा त्यात आला १९५३ साली. सुमारे ७३ मैलांचा हा किनारा बहुतेक ठिकाणी रस्त्यावाचूनच राहिला आहे. चालायचं ते वाळूवरून, गोट्यांवरून, आणि मध्येमध्ये समुद्रात उतरलेल्या डोंगराच्या सोंडांना वळसा घालून. यातल्या बऱ्याच सोंडा ओहोटीला मोकळ्या होतात आणि भरतीला पाण्यात जातात. किती वाजता उठायचं, जेवायला कुठे थांबायचं, तंबू कुठे टाकायचा, हे सगळं पाणी ठरवतं. म्हणून यादीत पहिलं नाव तक्त्याचं.

तक्ता वाचायला शिकून घ्या. ज्यांचं बालपण कोकणात गेलं त्यांना उधाण आणि भांग सांगायला नको, पण इथे आणखी एक भानगड आहे. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, आणि त्या सारख्या नसतात. एक ओहोटी शून्याखाली जाते (तक्त्यातलं शून्य म्हणजे रोजच्या खोल ओहोटीची सरासरी पातळी), तर त्याच दिवशीची दुसरी तीन-चार फुटांवरच थबकते. त्यामुळे ‘ओहोटी आहे ना, मग झालं’ असं म्हणून भागत नाही. किती फुटांची ओहोटी ते बघायचं. पायवाटांच्या चांगल्या नकाशावर प्रत्येक अडचणीच्या सोंडेजवळ आकडा छापलेला असतो: पाणी इतक्या फुटांखाली असेल तरच इथून जाता येईल. तो आकडा आणि तक्त्यातला आकडा समोरासमोर ठेवून वेळ काढायची. एका छोट्या कागदावर प्रत्येक दिवसासाठी सोंडेचं नाव, तिचा आकडा, ओहोटीची वेळ आणि आपण तिथे पोचायची वेळ लिहून काढा. समजा ओहोटी सकाळी ८:४० ला आहे, तर सोंडेशी ७:३० लाच हजर राहायचं आणि पाणी उतरत असतानाच पलीकडे जायचं. पाणी वळल्यावर ‘अजून अर्धा तास आहे’ हा हिशेब करत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीच ओहोटी साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हेही कागदावर उतरू द्या. आणि तक्ता छापील असेल तर वेळा प्रमाणवेळेतल्या आहेत की डेलाइट सेव्हिंगच्या, ते बघा. उन्हाळ्यात तासाची गल्लत इथे महागात पडते.

तक्त्यातले आकडे शांत हवेसाठी असतात. वादळ असेल, वारा किनाऱ्याकडे असेल, तर पाणी आकड्यापेक्षा वर येतं. या किनाऱ्यावर सगळ्यात खोल ओहोट्या उन्हाळ्यात दिवसा, सकाळच्या सुमाराला येतात आणि हिवाळ्यात रात्री. हिवाळ्यातल्या वादळांचं कौतुक बरेच जण करतात. ते कौतुक खोलीच्या खिडकीतून करावं, तंबूतून नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने जुलै ते मध्य सप्टेंबर एवढंच बघावं.

मार्ग निवडताना पहिल्या खेपेला ओझेटचा त्रिकोण घ्या. ओझेट तळ्यापासून केप अलावा सव्वातीन मैलांच्या आसपास, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला सँड पॉइंट तीन मैल, आणि परत तळ्यापाशी पावणेतीन मैल. जंगलातली वाट बरीचशी लाकडी फळ्यांची आहे, आणि ओल्या फळ्या भलत्याच निसरड्या असतात. अंतर एका दिवसात संपण्याइतकं आहे, म्हणूनच दोन रात्री राहण्यात मजा आहे: मधला अख्खा दिवस हिंडायला मिळतो. वाटेत वेडिंग रॉक्सच्या खडकांवर मका या इथल्या मूळनिवासी जमातीच्या पूर्वजांनी कोरलेली चित्रं आहेत. बघायची, हात लावायचा नाही, कागद ठेवून घासायचं तर मुळीच नाही. केप अलावाजवळच दरडीखाली गाडलेलं ओझेट गाव होतं. १९७० च्या वादळाने ते उघडं पडलं आणि १९८१ पर्यंत तिथे उत्खनन चाललं. चिखलात हवा न लागल्यामुळे लाकूड, दोर, टोपल्यासुद्धा टिकल्या. त्या वस्तू नीआ बेच्या मका संग्रहालयात आहेत. शक्य असेल तर आधी ते संग्रहालय करा आणि मग किनारा. नाहीतर केप अलावाला नुसती मोकळी जागा दिसते.

दक्षिणेची थर्ड बीच ते ऑइल सिटी ही १७ मैलांची वाट वेगळ्या जातीची आहे. टेलर पॉइंट आणि हो हेड या दोन सोंडांना कितीही ओहोटी असली तरी खालून वळसा नाही. दोर धरून, शिड्या चढून वरच्या जंगलातून जावं लागतं. अशी वाट जिथून वर चढते तिथे झाडावर लाल-काळी गोल पाटी लावलेली असते. ती लांबून दिसेलच असं नाही, म्हणून नकाशावर जागा आधीच खूण करून ठेवा. पाऊस पडला की ओढे फुगतात. हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं काम.

शाय शाय बीचला जायची वाट मका जमातीच्या जमिनीतून सुरू होते, तिथे त्यांचा वेगळा पास लागतो. किनाऱ्यावर कुठेही मुक्काम करायचा तर पार्कचा परमिट हवाच. तो रिक्रिएशन डॉट गव्हवर मिळतो, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा वसंतातच संपतात. गाडीसाठीचा प्रवेशपास त्याहून निराळा. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी कलालॉक किंवा मोरा कॅम्पग्राउंड घ्यावं, गाडी तंबूशेजारी उभी राहते. रियाल्टो बीचहून होल-इन-द-वॉल या खडकातल्या आरपार भोकापर्यंतचा दीड-दोन मैलांचा फेरफटका मुलांनाही झेपतो. त्या भोकातून आरपार जायचं तर तेही ओहोटीलाच.

आता बेअर कॅन. या किनाऱ्यावर रात्री राहणाऱ्याला टणक कवचाचा डबा सक्तीचा आहे, आणि नाव अस्वलाचं असलं तरी खरे चोर रकून नावाचे मांजरापेक्षा थोडे मोठे प्राणी आहेत. झाडाला पिशवी टांगली तर ते दोरावरून उतरतात, झिप उघडतात, सॅक फाडतात. डबा नसेल तर पोर्ट अँजेलिसच्या वाइल्डरनेस सेंटरला मिळतो, पण तिथे जायचा वळसा दिवसाच्या हिशेबात धरा. साधारण ११ लिटरच्या डब्यात खाणं, कचरा, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिपबाम, मुलांच्या खिशातलं च्युइंगगम, म्हणजे ज्याला वास आहे ते सगळं मावायला हवं. इथेच आपली घरची सवय आडवी येते. चिवड्याची पिशवी म्हणजे निम्मी हवा. तिने डब्याचा चौथा हिस्सा खाल्ला की मग भाताचं पाकीट बाहेर राहतं. दाटून बसणारं खाणं घ्या: दाण्याची चिक्की, खजूर, थेपले, मुगाची खिचडी कोरडी मिसळून. खोकी आणि बाहेरची पाकिटं घरीच फेकून द्या. पहिल्या दुपारचं जेवण डब्यात नसलं तरी चालतं, कारण ते रात्रीच्या आत संपणार. निघायच्या आदल्या दिवशी डबा एकदा भरून, झाकण लावून बघाच. रात्री तो तंबूपासून शंभर फुटांवर, सपाट जागी, भरतीच्या रेषेच्या वर ठेवायचा. उतारावर ठेवला तर ढकलून नेतात.

तंबूची जागा. किनाऱ्यावर ओल्या शैवालाची ताजी रेघ दिसते, ती मागच्या भरतीची. पण रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून फूट-दोन फूट उंच असू शकते, म्हणून रेघ बघून समाधान मानू नका, तक्त्यातला रात्रीचा आकडा बघा. किनाऱ्याच्या माथ्याला वाहून आलेल्या प्रचंड ओंडक्यांची रास असते. ते ओंडके टनावारी वजनाचे असतात, तरी चार बोटं पाणी खाली शिरलं की हलतात, लोळतात. लाटा येत असताना त्यांच्यावर उभं राहायचं नाही, मुलांना उड्या मारू द्यायच्या नाहीत, आणि त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला तंबू तर नाहीच. आधी वापरलेल्या जागा जंगलाच्या कडेला दिसतातच, तिथेच पथारी पसरा.

कपड्यांत कॉटन नको, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. इथे कॉटन ओलं झालं की परत वाळत नाही. शेजारच्या फोर्क्स गावात वर्षाला १०० इंचांच्या पुढे पाऊस पडतो. उन्हाळा त्या मानाने कोरडा, पण सकाळचं धुकं असं की तंबू बाहेरून निथळतो. लोकरीचे किंवा सिंथेटिक आतले कपडे, फ्लीस, पावसाचं जाकीट आणि पँट दोन्ही. झोपायचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि काही झालं तरी दिवसा काढायचा नाही. समुद्राचं पाणी ऑगस्टमध्येही इतकं गार की पोहायचे कपडे घेण्यात अर्थ नाही. बूट घोट्याच्या वर येणारे, तळ पकडणारे. शैवालाने माखलेल्या गोट्यांवर दोन काठ्या फार कामी येतात. दोर धरायचे मार्ग असतील तर कामाचे हातमोजेही घ्या.

ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. तो पानापाचोळ्याचा रंग आहे, त्याने काही होत नाही. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम या न दिसणाऱ्या जंतूंनी होतं. फिल्टर लावा किंवा उकळा. आयोडिनच्या गोळ्या क्रिप्टोवर चालत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्याच्या शेवटी लहान ओढे आटतात, तेव्हा रेंजरला आधी विचारून घ्या. शौचासाठी केप अलावा आणि सँड पॉइंटला सोय आहे. बाकी ठिकाणी छोटं खुरपं, सहा ते आठ इंच खड्डा, पाण्यापासून २०० फूट दूर, आणि कागद परत आणायचा.

शेकोटी वाळूवरच आणि वाहून आलेल्या बारीक लाकडाचीच करायची, ओंडक्यांपासून लांब. वेडिंग रॉक्स ते यलो बँक्स या टापूत ती बंदच आहे, आणि कोरड्या महिन्यांत बंदी सगळीकडे येऊ शकते. स्वयंपाकाला गॅसचा छोटा स्टोव्हच धरा. शिंपले वेचून रांधायचा मोह झाला तर आवरा: विषारी शैवालाचं विष शिजवून जात नाही.

भूकंपाची गोष्ट कुणी यादीत घालत नाही, मी घालते. या किनाऱ्यासमोर कॅस्केडिया नावाची मोठी भेग आहे. तिचा शेवटचा प्रचंड भूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला. तारीख इतकी नेमकी कळते ती जपानमधल्या नोंदींवरून, कारण तिकडे त्सुनामीची लाट पोचली आणि धक्का कुणालाच जाणवला नव्हता. जमीन जोरात आणि बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता, सामान सोडून, उंचावर जायचं. तंबू टाकतानाच कुठून वर चढता येईल ते सगळ्यांनी मिळून बघून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

फोनला रेंज नाही असं धरूनच चला. उत्तर टोकाला तो सामुद्रधुनीपलीकडचं कॅनडाचं टॉवर पकडतो आणि रोमिंग लागतं, त्यामुळे एअरप्लेन मोड. नकाशा कागदाचा, जमल्यास सॅटेलाइट मेसेंजर, हेडलॅम्प आणि जास्तीच्या बॅटऱ्या. दुर्बीण मात्र वजनाकडे न बघता घ्या. इथले समुद्री ऑटर, म्हणजे पाणमांजरं, फरसाठी मारून संपवले गेले होते; १९६९ आणि १९७० साली अलास्काहून ५९ आणून सोडले, आजचे त्यांचेच वंशज. केल्प या लांबलचक समुद्री शैवालात उताणे पडून, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडताना दिसतात, पण किनाऱ्यापासून बरेच आत. खडकांतल्या डबक्यांत जांभळे-नारिंगी तारामासे दिसले तर उपटू नका. २०१३ पासूनच्या रोगात ते फार गेले आहेत.

कुठून आत शिरणार, कुठे राहणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्कला कळवायचं, हे घरी एकाला लिहून द्या. मोघम ‘रविवारी येतो’ नको. पेट्रोल फोर्क्सला किंवा त्याआधी भरा. गाडीत खाण्याची एकही वस्तू दिसेल अशी ठेवू नका. एक टॉवेल, चपला आणि कोरडे मोजे मात्र डिकीत असू द्या, आणि डबा उसना असेल तर तो परत द्यायची वेळ परतीच्या प्रवासात धरा.