मिस्ट्री शॉपिंगचे पैसे आणि इन्कम टॅक्स: या चुका टाळा

मिस्ट्री शॉपिंग म्हणजे एजन्सीच्या सांगण्यावरून साधा ग्राहक बनून दुकानात जायचं (ही झाली व्हिजिट) आणि तिथल्या सेवेचा गुपचूप रिपोर्ट द्यायचा. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी हे काम करणाऱ्या नव्या मंडळींचे प्रश्न दर जुलैमध्ये माझ्याकडे येतात आणि दर वर्षी ते तेच असतात. वर्षभर कोणी काही लिहून ठेवलेलं नसतं. बिलं एजन्सीच्या पोर्टलवर चढवून फेकून दिलेली असतात. रिटर्नची मुदत तोंडावर आली की विचारणा सुरू होते, "ताई, हे पैसे दाखवायलाच हवेत का?"

हवेत. फी लहान असली तरी ती कमाई आहे, आणि एजन्सीने टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापला नाही म्हणून ती करमुक्त होत नाही. कलम १९४जे (व्यावसायिक फीवरचा टीडीएस) खाली कर कापण्याची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली. ही मर्यादा पैसे देणाऱ्याने कधी कापायचं यासाठी आहे. तुम्ही उत्पन्न कधी दाखवायचं याच्याशी तिचा संबंध नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण २०२५-२६ या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचं आहे, म्हणून इथे जुनेच क्रमांक दिले आहेत.

खात्यात आले तेवढंच उत्पन्न समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, एका व्हिजिटची फी ५०० रुपये आहे आणि ७०० रुपयांपर्यंतची खरेदी एजन्सी परत देणार आहे. काही एजन्सी दोन्ही रकमा एकत्र करून १,२०० रुपयांचं एकच पेमेंट दाखवतात आणि सगळ्यावर १० टक्के टीडीएस कापतात. खात्यात येतात १,०८०. मग कोणी उत्पन्न म्हणून १,०८० लिहितो. कोणी म्हणतो, ७०० तर माझेच मला परत मिळाले, आणि ५०० लिहितो. दोघंही चुकतात. फॉर्म २६एएस आणि एआयएस या कर खात्याकडच्या तुमच्या नोंदींच्या उताऱ्यांमध्ये पॅनसमोर १,२०० रुपये नोंदलेले आहेत. तेव्हा जमेला पूर्ण १,२०० घ्यायचे, खर्चाला खरेदीचे ७०० आणि जाण्या-येण्याचे समजा १२०, नफा ३८०. कापले गेलेले १२० रुपये टीडीएस म्हणून वेगळे मागायचे.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने हे ऐकलं नाही. खासगी कंपनीत नोकरी, घरभाडं भरत होता, ८०सीची (करात वजावट देणारी) गुंतवणूक व्यवस्थित होती, त्यामुळे अशा वजावटी देणारी जुनी करप्रणाली त्याच्या फायद्याची. त्याने घाईघाईत आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म, भरला. मिस्ट्री शॉपिंगची फक्त फी 'इतर उत्पन्न' म्हणून टाकली, रीइम्बर्समेंट (परत मिळालेले खरेदीचे पैसे) गाळली, आणि टीडीएस मात्र पूर्ण मागितला. कापलेला टीडीएस आणि दाखवलेली जमा यांचा मेळ बसेना, म्हणून कलम १३९(९) खाली रिटर्न सदोष असल्याची नोटीस आली. दुरुस्तीसाठी १५ दिवस मिळतात. त्याने मेल उघडलाच नाही. रिटर्न भरलं, आता रिफंड येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मुदत गेली आणि रिटर्न अवैध ठरलं. अवैध म्हणजे भरलंच नाही असं धरतात.

पुढे जे झालं ते लोकांना माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तोवर मूळ मुदत संपलेली होती, त्यामुळे त्याला उशिराचं रिटर्न भरावं लागलं. कलम २३४एफ खाली ५,००० रुपये विलंब शुल्क लागलं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी करप्रणाली निवडताच येत नाही. घरभाड्याची सूट गेली, ८०सी गेलं. रिफंडची वाट बघणाऱ्या माणसाने व्याजासकट टॅक्स भरला. मिस्ट्री शॉपिंगमधून वर्षभरात जे कमावलं त्याहून जास्त पैसे यात गेले. रीइम्बर्समेंटचा नीट हिशोब लावायला त्याला एक रविवार पुरला असता.

नियमित काम करत असाल तर हे धंदा-व्यवसायाचं उत्पन्न आहे आणि त्यासाठी आयटीआर-३ लागतो. आयटीआर-१ मध्ये ते बसत नाही. वर्षातून एखादीच व्हिजिट केली असेल तर 'इतर स्रोत' म्हणता येईल, पण दर महिन्याला कामं घेऊन वर 'कधीतरी करते' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

जुनी करप्रणाली हवी असणाऱ्यांसाठी इथे आणखी एक खड्डा आहे. फक्त पगार असणारा माणूस दर वर्षी प्रणाली बदलू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न आलं की ती मोकळीक जाते. जुनी हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. नंतर नव्या प्रणालीत परत गेलात, तर व्यवसायाचं उत्पन्न आहे तोवर जुनीकडे पुन्हा येता येत नाही. चार व्हिजिटच्या पैशांमुळे पगारावरच्या टॅक्सचं गणित बदलतं, हे काम सुरू करण्याआधी कळायला हवं.

१२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग काय दाखवायचं?

नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७एच्या सवलतीमुळे टॅक्स शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत. हे खरं आहे. पण टॅक्स शून्य होणं वेगळं आणि उत्पन्न लपवणं वेगळं.

शिवाय ज्यांचा पगार बरोबर या काठावर आहे त्यांनी जास्त सावध राहायला हवं. १२ लाखांच्या थोडं वर गेलात की सीमांत सवलत मिळते, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढाच टॅक्स, आणि त्यावर उपकर. याचा सरळ अर्थ असा की साधारण १२.७० लाखांपर्यंत मिस्ट्री शॉपिंगच्या नफ्यातला प्रत्येक रुपया टॅक्समध्येच जातो. अशा माणसाने प्रवासाचं एकही बिल हरवता कामा नये. व्यवसायाचा खरा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो, हे तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नव्या प्रणालीत काहीच वजा होत नाही, असं धरून ते नोंदी ठेवणं सोडून देतात.

बिलं पोर्टलवर आहेत, मग ठेवायची कशाला?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याची चीड येते. पोर्टल एजन्सीचं आहे. तुमचं खातं बंद झालं किंवा एजन्सीने सॉफ्टवेअर बदललं, की तुमची बिलं गेली. मूळ बिलावर विसंबून राहता येत नाही, कारण थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. नोटीस येते तेव्हा हातात कोरा कागद असतो.

माझी सवय साधी आहे. दुकानातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा बिलाचा फोटो. घरी आल्यावर, रिपोर्ट लिहायला बसण्याआधी, वहीत एक ओळ: तारीख, असाइनमेंट क्रमांक, फी, किती परत मिळणार, स्वतःच्या खिशातून किती गेले, कसे गेले आणि किती किलोमीटर. पैसे आले की त्याच ओळीपुढे तारीख आणि टीडीएस. यासाठी अ‍ॅप लागत नाही, एक्सेलही नाही. महिन्याच्या शेवटी एकदम लिहू म्हणणाऱ्यांपैकी कोणीही ते लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

व्हिजिटची खरेदी आणि घरची खरेदी एकाच बिलावर घेऊ नका. एजन्सी रिपोर्ट नाकारेल, आणि नाकारला नाही तरी कुठली वस्तू कामाची आणि कुठली घरची, हे दोन वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. दोन बिलं करा. रांगेत पुन्हा उभं राहायला लागलं तरी चालेल.

रिपोर्ट नाकारला गेला की फी बुडते आणि खरेदीचे पैसेही बुडतात. तो नाकारल्याचा ई-मेल जपून ठेवा. कामासाठी झालेला आणि परत न मिळालेला खर्च दाखवायला तोच पुरावा आहे. लोक वैतागून आधी तो मेलच डिलीट करतात.

प्रवासखर्च अमेरिकन व्हिडिओ बघून लावणं

इंटरनेटवर मिस्ट्री शॉपरच्या टॅक्सबद्दल जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं. तिथे प्रत्येक मैलामागे ठरलेला दर लावता येतो, २०२५ साठी तो ७० सेंट होता. आपल्याकडे असा दर नाही. इथे प्रत्यक्ष झालेला खर्च दाखवायचा: बसचं किंवा मेट्रोचं तिकीट, रिक्षाचं अ‍ॅपवरचं बिल, स्वतःची गाडी असेल तर पेट्रोलच्या खर्चातला कामापुरता वाटा. त्या वाट्याला आधार म्हणून वहीतले किलोमीटर लागतात. ऑफिसला जाता-जाता वाटेतल्या दुकानात व्हिजिट केली असेल तर सगळा प्रवास कामाचा म्हणू नका.

कलम ३७(१) खाली खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा लागतो. महागड्या शोरूमची व्हिजिट होती म्हणून घेतलेला ड्रेस यात बसत नाही, तो तुम्ही लग्नालाही घालणार आहात. मोबाइल आणि लॅपटॉप एका वर्षात सगळे खर्ची टाकता येत नाहीत, त्यांचा घसारा (वापरामुळे दर वर्षी घटणारी किंमत) घ्यायचा, लॅपटॉपला ४० टक्के दराने, आणि तोही कामापुरत्या वापराच्या प्रमाणात. आणि जे पैसे एजन्सीने परत दिले, पण तुम्ही जमेला धरलेच नाहीत, ते खर्चात दाखवू नका. ही दुहेरी वजावट सीएच्या नजरेतूनही सुटू शकते, कारण वही तुमच्याकडे असते.

थोडक्यात सांगण्यासारख्या बाकीच्या चुका

टीडीएस १९४जे खाली कापला म्हणून ४४एडीए लावून निम्मी रक्कम खर्च दाखवणं. त्या कलमात डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यवसायांची यादी आहे आणि मिस्ट्री शॉपिंग त्यात नाही. टीडीएसच्या कलमावरून तुमचा व्यवसाय ठरत नाही.

भावाच्या किंवा बायकोच्या पॅनवर कामं घेणं. उत्पन्न काम करणाऱ्याचं असतं, आणि टीडीएस मात्र दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसतो. एजन्सीला कळलं तर दोघांचीही खाती बंद होतात.

पॅनच न देणं. मग टीडीएस २० टक्के कापला जातो.

मार्चमधल्या व्हिजिटचे पैसे मे महिन्यात येतात, तेव्हा ते सोयीनुसार कधी या वर्षात, कधी पुढच्या वर्षात टाकणं. एक पद्धत ठरवा, काम झालं तेव्हा किंवा पैसे आले तेव्हा, आणि दर वर्षी तीच ठेवा.

काम मिळवण्यासाठी नोंदणी शुल्क भरणं. पैसे मागणारी एजन्सी सोडून द्या. त्या पैशाचा खर्च दाखवायचा कसा, असं मला विचारूही नका.

महाग वस्तू ठेवून घेणं आणि विसरून जाणं. कलम १९४आर जुलै २०२२ पासून लागू आहे. कामापोटी मिळालेले लाभ वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेले तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस कापायचा असतो. सोशल मीडियावर प्रचार करणाऱ्यांबाबत कर खात्याच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की वस्तू परत केली तर लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. आपल्या कामालाही मी तोच नियम लावते. वस्तू परत करायची असाइनमेंट असेल तर परत केल्याची पावती घ्या.

अ‍ॅडव्हान्स टॅक्स विसरणं. टीडीएस वजा जाता वर्षाचा टॅक्स १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या हप्त्यांत भरायचा असतो, नाहीतर व्याज लागतं. पगारदारांना एक सोपी वाट आहे: हे उत्पन्न ऑफिसला कळवायचं आणि पगारातूनच जास्त टीडीएस कापून घ्यायचा. अर्थात त्यासाठी ऑफिसला तुमचं हे काम माहीत असायला हवं. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलं आहे, ते पहिली असाइनमेंट घेण्याआधी वाचा. मनाई असेल तर आधी लेखी परवानगी मागा.