ना हरकत हाती आल्यावरच किल्ली घ्या: परराज्यातील जुनी गाडी मुंबईत आणताना

बंगळूर किंवा दिल्लीत जुनी गाडी मुंबईपेक्षा स्वस्त मिळते, ती तिथेच विकत घ्यावी आणि घाट-डोंगर पाहत, मुक्काम करत घरी आणावी, असा बेत मुंबईतील अनेक कुटुंबांत आखला जातो. बेत चांगला आहे आणि मी स्वतः तो एकदा तडीस नेला आहे. मात्र या व्यवहारात कागदांचा क्रम चुकला तर प्रवासाचा आनंद राहतोच बाजूला आणि पुढचे सहा महिने आरटीओच्या खेपा नशिबी येतात. म्हणून आधी क्रम समजून घ्यावा.

सर्वांत मोठा गैरसमज बारा महिन्यांचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हे खरे. पण ही तरतूद नोकरीनिमित्त आपली गाडी घेऊन आलेल्या माणसाच्या उपयोगाची आहे, तिथली गाडी विकत घेणाऱ्याच्या नव्हे. मालक बदलला की कलम ५० लागू होते आणि त्याप्रमाणे घेणाऱ्याने हस्तांतरणानंतर ३० दिवसांच्या आत आपल्या आरटीओला कळवले पाहिजे. परराज्यात गाडी देणाऱ्याला ना हरकत प्रमाणपत्रासह (गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यास मूळ आरटीओची लेखी संमती) कागद पूर्ण करण्यासाठी ४५ दिवस मिळतात. ‘वर्षभर केए (कर्नाटकच्या) पासिंगवरच फिरवा, काही होत नाही’ असे विकणारा कितीही आपुलकीने सांगत असला तरी त्या सल्ल्यावर विसंबू नये.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी तिचा क्रमांक ‘परिवहन’ संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर टाकून पाहावा. गाडी कितव्या मालकाकडे आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, हे तिथे दिसते. ई-चलनाची थकबाकी वेगळी तपासावी. गाडी चोरीची नसल्याची खात्री राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवरून करून घ्यावी. पहिल्या नोंदणीची तारीखही नीट पाहावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर नूतनीकरणाबरोबर महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातल्यापासून तिथल्या जुन्या डिझेल गाड्या फार स्वस्तात देऊ केल्या जातात. अशी गाडी घेताना तिची किती वर्षे उरली आहेत हे मोजूनच किंमत करावी.

प्रत्यक्ष तपासणीला ओळखीचा मेकॅनिक सोबत असावा, हे सांगायला नको. एक गोष्ट मात्र स्वतः करावी. चालकाच्या बाजूचा सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढावा आणि जो भाग एरवी गुंडाळलेला राहतो त्यावर बोट फिरवावे. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी आतून कितीही धुतली तरी त्या पट्ट्यावर गाळाची फिकट रेघ राहून जाते आणि बोटाला मातीचा खरखरीतपणा जाणवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या बाह्यवळण रस्त्यालगतच्या वसाहतींत गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. २६ जुलै पाहिलेल्या मुंबईकराला अशा गाडीच्या वायरिंगची पुढे काय गत होते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गाडी पसंत पडली की सौद्याचा खरा गाभा येतो, तो म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, सगळ्यांच्या तोंडी असलेली एनओसी. त्यासाठी गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथे मालकाने फॉर्म २८ भरून द्यायचा असतो. त्यावर चासिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, क्रमांकाची पेन्सिल प्रिंट लागते. चासिसवर कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की आकडे कागदावर उमटतात. हा ठसा आपल्यासमोर काढून घ्यावा आणि आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) क्रमांकाशी एकेक आकडा ताडून पाहावा. पुसट किंवा घासलेला आकडा आढळला तर सौदा तिथेच थांबवावा.

एनओसीवर गाडी कोणत्या आरटीओकडे जाणार आहे ते लिहिलेले असते आणि माझी चूक नेमकी इथे झाली. मी दहिसरला राहतो, म्हणजे माझे कार्यालय बोरिवलीचे, एमएच ४७. विकणाऱ्याच्या एजंटने ‘मुंबई पश्चिम’ एवढेच ध्यानात ठेवून अंधेरी, म्हणजे एमएच ०२, लिहिले. मी कागद हाती आल्यावर तो नीट वाचला नाही. बोरिवलीच्या खिडकीवर अर्ज परत मिळाला आणि दुरुस्तीसाठी गाडीच्या मूळ कार्यालयाकडे पुन्हा पत्रव्यवहार करावा लागला, त्यात सात आठवडे गेले. म्हणून ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३ आणि बोरिवली ४७ यांपैकी आपला पत्ता कोणाकडे येतो हे आधी पाहून विकणाऱ्याला लेखी कळवावे. आरटीओने ३० दिवसांत एनओसी दिली किंवा नाकारली नाही, तर ती दिल्याचे कायदा मानतो. तरीही मुंबईत खिडकीवर कागदच मागितला जातो, तेव्हा तो हाती येईपर्यंत थांबण्यातच शहाणपण आहे.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन विकणाऱ्याने आधी बोजा उतरवून घ्यावा. गाडी व्यापाऱ्याकडून घेत असाल तर तो नोंदणीकृत आहे का हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा व्यापाऱ्याला ताब्यातल्या गाडीच्या हस्तांतरणाचे आणि एनओसीचे अर्ज स्वतः करता येतात.

पैसे बँकेतूनच द्यावेत. २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. मी सुचवेन ते असे: ठरलेल्या किमतीचा लहान हिस्सा इसार म्हणून द्यावा आणि उरलेली रक्कम एनओसी आणि नाव बदलण्यासाठीचे फॉर्म २९ च्या दोन प्रती व फॉर्म ३० सहीनिशी हाती पडल्यावर द्यावी. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. यात विकणाऱ्याचेही हित आहे, कारण नोंदीत ज्याचे नाव असते तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. हे त्याला समजावून सांगितले की तो कागदांसाठी स्वतःच घाई करतो.

विम्याबाबत बहुतेक जण गाफील राहतात. गाडी विकली की तृतीय पक्षाचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे आला असे मानले जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला विक्रीचे कागद देऊन पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे जुन्या मालकाला मिळालेल्या सवलतीचा फरक आपल्याला भरावा लागतो. ही रक्कम वाचवण्यासाठी ‘आधी घरी पोहोचू, मग पाहू’ म्हणणे मला अजिबात मान्य नाही. नवख्या गाडीत, अनोळखी रस्त्यावर केलेला पहिला हजार किलोमीटरचा प्रवासच सर्वांत जोखमीचा असतो.

एवढे झाले की निघावे. जुन्या मालकाकडून त्याचा फास्टॅग बंद करून घ्यावा आणि आपला नवा लावावा, कारण चालू टॅग नसेल तर टोलनाक्यावर जास्त पैसे मोजावे लागतात. मी बंगळूरहून हुबळी, बेळगाव, तिथून आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ६६ ने पनवेल असा आलो. तीन मुक्काम केले. मूळ कागद एका फाइलीत चालकाशेजारी ठेवले होते आणि राज्याच्या सीमेजवळ तपासणी झाली तेव्हा दोन मिनिटांत सुटलो.

मुंबईत पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच आरटीओ गाठावे. नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७, नाव बदलण्यासाठी २९ आणि ३०, सोबत एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. गाडी तपासणीला न्यावी लागते. सर्वांत मोठा खर्च कराचा असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल गाडीला १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. परराज्यातून आलेल्या गाडीला तो तिच्या वयानुसार कमी होतो. हा आकडा सौदा करण्यापूर्वीच काढावा, कारण बंगळूरच्या स्वस्ताईचा बराचसा भाग इथेच खर्ची पडतो. जकातीची भीती मात्र आता बाळगू नये, मुंबईची जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली आहे.

एमएच क्रमांक मिळाला की उच्च सुरक्षा क्रमांक पाट्या बसवाव्यात आणि विमा व फास्टॅग यांवर नवा क्रमांक चढवून घ्यावा. जुन्या राज्यात भरलेल्या आजीवन कराचा उरलेल्या काळाचा परतावा नव्या आरसीची प्रत जोडून मागता येतो. ती रक्कम विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, हे इसार देतानाच कागदावर लिहून ठेवावे.