पर्णरंध्रं कशी घडतात ते घरी कसं बघायचं: नेलपॉलिश, मोहरी आणि मक्याचा पोंगा

शाळेच्या पुस्तकात पर्णरंध्राचं, म्हणजे पानावरच्या हवा आतबाहेर करणाऱ्या बारीक छिद्राचं, चित्र एकच असतं, राजम्याच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी आणि मधे फट, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की सगळ्या झाडांना तसलीच रंध्रं असतात. नसतात. गवताची वेगळी, मोहरीची वेगळी, भिंतीवरच्या मॉसची तर अजूनच वेगळी, आणि ती कशी तयार झाली तेही बऱ्यापैकी पानावरच वाचता येतं. मायक्रोस्कोप मात्र लागेल, शाळाकॉलेजातला ४०० पट दाखवणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर मनु प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोप पण चालतो, १४० पट दाखवतो, रंध्रं दिसतात पण बारकावे जातात.

आधी ठसा घ्यायला शिका

१. ताजं पान घ्या, धूळ पुसा, कोरडं करा. खालच्या बाजूला, जाड शीर टाळून, नखाएवढ्या जागेत पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात मारा. रंगीत नको.

२. १०-१५ मिनिटं नीट वाळू द्या, घाई केलीत तर सगळं चिकट होऊन ठसा फिसकटतो.

३. वरून पारदर्शक सेलोटेप दाबून हळूच उचला, पॉलिशचा पापुद्रा टेपबरोबर निघून येतो, तो तसाच काचपट्टीवर चिकटवा. पट्टीवर लगेच झाडाचं नाव, तारीख आणि पानाची वरची बाजू की खालची ते लिहा, नंतर सगळे ठसे सारखेच दिसतात.

४. आधी १० ची भिंग, मग ४० ची. बघताना खालचा उजेड कमी करा, हे कोणी सांगत नाही, पण ठशाला रंग नसतो, भगभगीत उजेडात काहीच दिसत नाही आणि लोक पॉलिशला दोष देतात.

रुईसारख्या लव असलेल्या पानावर हे जमत नाही, त्या भानगडीत पडू नका.

मग मोहरी पेरा

फोडणीचीच मोहरी, ओल्या कापसावर. तीन-चार दिवसांत पहिली दोन पानं उघडतात, त्यांचा ठसा घ्या. मोहरीच का, तर अरॅबिडॉप्सिस नावाचं जे रोपटं जगभरच्या लॅबमधे वापरतात ते मोहरीच्याच कुळातलं, आणि रंध्राचं जन्मापासूनचं सगळ्यात बारीक काम त्याच्यावर झालंय.

कोवळ्या पानावर एकाच वेळी सगळ्या वयाची रंध्रं दिसतात, पूर्ण उघडलेल्याच्या शेजारी अर्धवट, मधेच एखादी छोटी तिकोनी पेशी. ती छोटी पेशी शोधा, खरी गंमत तिथे आहे. आधी पानाच्या सालीतली एक पेशी असमान तुटते, म्हणजे तिचं विभाजन होतं, एक भाग मोठा एक छोटा, छोटा भाग परत एकदोनदा तसाच तुटतो पण दर वेळी दिशा बदलून, मग तो गोलसर होतो आणि शेवटी एकदाच मधोमध, अगदी समान तुटून दोन रक्षक पेशी बनतात, त्यांच्यामधे फट पडली की झालं रंध्र. म्हणूनच पिकलेल्या रंध्राभोवती लहानमोठ्या तीन पेशी दिसतात, त्यातली एक बारकी. त्या तीन पेशी म्हणजे आधीच्या विभाजनांचा हिशोबच आहे, कागदावर काढून बघा, कुठली भिंत आधी पडली ते बहुतेक वेळा कळतं.

ह्या तीन टप्प्यांचे तीन जीन २००६-०७ मधे सापडले, स्पीचलेस पहिलं विभाजन सुरू करतो, म्यूट ते थांबवून पुढे ढकलतो, फामा शेवटच्या दोन पेशी पक्क्या करतो. अजून एक बघा, दोन रंध्रं एकमेकांना चिकटलेली जवळपास सापडणारच नाहीत, मधे निदान एक पेशी असते, कारण घडणारं रंध्र आजूबाजूला छोटी प्रथिनं सोडून शेजाऱ्यांना 'तू होऊ नकोस' असा निरोप देतं. हा निरोप ऐकणारा जीन बिघडला की रंध्रांचे घोळकेच्या घोळके उगवतात, त्या जीनला नावच पडलं टू मेनी माउथ्स.

आता मक्याचा पोंगा

मका किंवा ज्वारीच्या पोंग्यातलं, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतलं, सगळ्यात आतलं पान अलगद ओढून काढा. बुडाचा पांढरट भाग, मधला आणि शेंडा, तिन्हीचे वेगळे ठसे. बुडाचा भाग फार मऊ असतो, पॉलिश अगदी पातळ लावा आणि टेप ओढू नका, उचला.

मोहरीत सगळ्या वयाची सरमिसळ होती, इथे मात्र वय क्रमाने लागलेलं आहे, बुडाला बालपण, शेंड्याला म्हातारपण. रंध्रं सरळ ओळीत. आधी ओळीतली छोटी चौकोनी पेशी दिसेल, मग तिच्या दोन्ही बाजूच्या शेजारणी आपला एकेक तुकडा देतात, त्या झाल्या साहाय्यक पेशी, आणि मग मधली उभी चिरते आणि डंबेलसारखी लांबट होते. २०१७ साली ब्रॅकिपोडियम नावाच्या गवतात दिसलं की इथे तोच म्यूट वापरलाय, फक्त त्याचं प्रथिन मधल्या पेशीतून शेजारच्या पेशीत जाऊन तिलाही कामाला लावतं. जीन तोच, वापर नवा. साहाय्यक पेशी पोटॅशियमची देवघेव करतात म्हणून गवताचं रंध्र पटकन उघडतं आणि पटकन मिटतं.

पावसाळा असेल तर मॉस

कंपाउंडच्या भिंतीवर फ्युनारिया नावाचा मॉस मिळाला तर त्याची काडीच्या टोकावरची बोंडी घ्या, पानं नाही, पानांवर रंध्रं नसतातच. बोंडीचा खालचा फुगीर भाग पाण्याच्या थेंबात ठेवून बघा, इथे दोन रक्षक पेशींच्या ऐवजी एकच गोल पेशी, मधे फट. ह्यामागेही त्याच जीनचे भाऊबंद आहेत, २०१६ मधे दुसऱ्या एका मॉसमधे ते बंद केल्यावर रंध्रंच झाली नाहीत. मार्केन्शिया (मॉससारखीच, पण चपटी पसरणारी वनस्पती) दिसला तर फसू नका, त्याच्यावरची भोकं कायम उघडी असतात, ती रंध्रं नव्हेत. आणि रंध्रं पानांपेक्षाही जुनी आहेत बरं का, स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या सुमारे ४० कोटी वर्षं जुन्या खडकात ज्या वनस्पती आहेत त्यातल्या बहुतेकांना पानं नाहीत, नुसत्या काड्या, आणि त्या काड्यांवर रंध्रं आहेत.

वेळ उरला तर कण्हेर (रंध्रं खालच्या बाजूच्या केसाळ खड्ड्यांत, ठशात येत नाहीत, आडवा काप घ्या), कमळ (फक्त वरच्या बाजूला), अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातलं हायड्रिला (अजिबात नाहीत). झॉस्टेरा ह्या समुद्री गवतात तर रंध्राचे जीनच गायब झालेत, २०१६ मधे त्याचा जीनोम वाचल्यावर कळलं. पानफुटीची रंध्रं रात्री उघडतात, आणि रात्रभर साठलेल्या आम्लामुळे पान सकाळी आंबट लागतं, ही गोष्ट भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी लिहिली ती छापली गेली १८१५ मधे.

शेवटी मोजा

४० च्या भिंगीत, १८ नंबरचं आयपीस (डोळा लावतो ते भिंग) असेल तर, दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ०.४५ मिमी असतो, म्हणून मोजलेल्या आकड्याला ६.३ ने गुणा. २० रंध्रं दिसली तर चौरस मिलिमीटरला साधारण १२५. एका जागेवर भरवसा नको, पाचसहा जागा मोजून सरासरी काढा. एकाच आंब्याचं उन्हातलं आणि सावलीतलं पान घेतलंत तर उन्हातल्यावर जास्त भरतील. वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी १९८७ मधे जुन्या हर्बेरियममधली, म्हणजे वाळवून जपलेल्या झाडांच्या संग्रहातली, पानं अशीच मोजून दाखवलं की २०० वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी रंध्रं ४० टक्क्यांनी कमी झाली, तेव्हा कॉलेजच्या कपाटात जुनी वाळवलेली पानं पडली असतील आणि सर परवानगी देत असतील तर त्याच झाडाचं आजचं पान शेजारी ठेवून मोजा.